रनिंग-इन काळातील धातुकण व इंजिन ऑइल

इंजिन नवे असो की बोअर करून पुन्हा बांधलेले, त्याचे भाग पहिल्या काही तासांत एकमेकांवर घासून बसतात. या काळाला रनिंग-इन म्हणतात. तेव्हा सुटणारे धातुकण ऑइलमधून वेळेवर बाहेर काढले नाहीत, तर बेअरिंग आणि बोअर अकाली झिजतात.

कण सुटणे हा मात्र दोष नव्हे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगने मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांतले उंचवटे घासून काढतात, खाचांत तेल टिकते आणि रिंग बोअरला बसते. लोखंडाचे कण लाइनर, रिंगा आणि गिअरमधून येतात, ॲल्युमिनियमचे पिस्टनमधून, तर तांबे, शिसे व कथील बेअरिंग आणि बुशमधून. मोटारसायकलीत बहुधा इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात चालतात, त्यामुळे तिन्हींची झीज एकाच ठिकाणी जमते.

झिजेच्या कणांखेरीज बांधणीच्या वेळचा कचराही तेलात येतो, आणि तो किती हे इंजिन कुठे बांधले यावर ठरते. लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातले, मनमाड–छत्रपती संभाजीनगर लोहमार्गावरचे बाजारपेठेचे गाव. याच तालुक्यात वाळूज येथे 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. मोठ्या कारखान्यात सुटे भाग यंत्राने धुऊन मगच जोडणीला जातात. लासूरसारख्या शेतीच्या बाजारगावांत मात्र ट्रॅक्टर, टेम्पो किंवा डिझेल पंपाचे इंजिन थकले की ते लेथवाल्याकडून बोअर करून घेतात आणि गॅरेजात बांधतात. तिथे ही धुलाई मिस्त्रीच्या हातावर असते. खरा फरक इथेच पडतो. होनिंगनंतर बोअरच्या रेघांत होनिंगच्या दगडाचे कण आणि धातूचा चुरा अडकून राहतो. रॉकेल किंवा डिझेलने पुसले तर तेलकटपणा जातो, कण मागेच राहतात. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासावे, लगेच कोरडे करून तेलात भिजवलेले पांढरे फडके फिरवावे. फडके करडे निघणे थांबेपर्यंत बोअर स्वच्छ झालेला नसतो. क्रँक ग्राइंड केला असेल तर त्यातली तेलाची भोकेही आरपार धुवावी लागतात. हे काम वेळखाऊ, म्हणून घाईच्या हंगामात तेच आधी वगळले जाते.

फिल्टरवर सगळा भार टाकता येत नाही. साधा कागदी फिल्टर सुमारे 20 ते 40 मायक्रॉनचे कण अडवतो. बेअरिंगमधला तेलाचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा असतो, म्हणजे त्याहून जाड असे पुष्कळ कण फिल्टर पार करून जातात. शिवाय गार, दाट तेलात किंवा फिल्टर तुंबला असता बायपास झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. काही लहान एक-सिलिंडर इंजिनांत तर केवळ जाळी असते. तिथे तेल बदलणे हाच उपाय उरतो. ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस साधारण 50 तासांनी, मोटारसायकलीची 500 ते 750 किलोमीटरवर ठेवतात ती याच कारणाने. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. तेल इंजिन गरम असतानाच काढावे, म्हणजे तरंगणारे कण तळाशी बसण्याआधी वाहून जातात.

ड्रेन बोल्टला चुंबक लावण्याची युक्ती उपयोगी आहे, पण तिचा गाजावाजा जास्त. चुंबक लोखंड व पोलाद धरतो. ॲल्युमिनियम आणि बेअरिंगचा धातू त्याला जुमानत नाहीत. त्याचा मोठा फायदा निदानासाठी होतो. टोकावर करडा मऊ लेप असेल तर झीज नेहमीची, टोचणारे तुकडे किंवा कपचे दिसले तर इंजिन उघडावे. तेलात पितळी चमक असेल तर बुश किंवा बेअरिंगकडे पाहावे. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये हेच काम वर्णपटमापकाने तेलाचा नमुना तपासून करतात.

चालवण्याची पद्धतही कणांवर परिणाम करते. सुरुवातीला पूर्ण भार देऊ नये, तसेच इंजिन तासन्‌तास रिकामे चालवू नये. ज्वलनाचा दाब मिळाल्याशिवाय रिंगा नीट बसत नाहीत, बोअर गुळगुळीत चमकतो आणि इंजिन तेल खाऊ लागते. भार मध्यम, थोडा थोडा वाढवत ठेवावा.

काढलेले पहिले तेल दिसायला ताजे असते, म्हणून ते गाळून पुन्हा वापरण्याचा मोह होतो. कापडाने सूक्ष्म कण गाळले जात नाहीत. जळके ऑइल 2016 च्या घातक टाकाऊ पदार्थांच्या नियमांखाली येते. ते नाल्यात न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे लागते.