एन्रॉन समुद्रात बुडवणार होते, त्याची गोष्ट

धोपावे-दाभोळ फेरीबोटीत बाइक चढवून आम्ही तिघे मित्र कठड्याला टेकून उभे होतो. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. मागे राहिलेल्या किनाऱ्याकडे बोट दाखवून मी शेजारच्या काकांना विचारलं, तिकडे ते मोठं काय दिसतंय? ते म्हणाले, "ती एन्रॉन." एन्रॉन नावाची कंपनी जगातून नाहीशी होऊन वीसपेक्षा जास्त वर्षं झाली. गेटवरची पाटी वेगळी आहे. गावात मात्र नाव तेच.

मी शाळेत होतो तेव्हाची सगळ्यात पक्की आठवण भारनियमनाची आहे. संध्याकाळी लाइट गेले की मेणबत्तीभोवती गृहपाठ. तेव्हा घरात कुणीतरी हमखास म्हणायचं, "आणि तो एन्रॉन पडलाय बंद." मला वाटायचं एन्रॉन हे कुठल्यातरी राक्षसाचं नाव असावं. आमचे बाबा मूळचे चिपळूणचे. १९९५ च्या निवडणुकीत त्यांनी युतीला मत दिलं होतं आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा. गोपीनाथ मुंडे ती सभेसभेत करायचे. त्या ट्रिपहून परत आल्यावर मी बाबांना विचारलं, मग बुडवला का नाही? "बुडवला की," ते म्हणाले, "आधी रद्द केला, मग दुप्पट केला."

हे वाक्य डोक्यात राहिलं म्हणून मी वाचायला लागलो. मला वाटलं होतं, नेहमीची गोष्ट असेल: निवडणुकीत एक बोलले, खुर्चीत बसल्यावर दुसरंच केलं. पण बाबांचं वाक्य जवळजवळ शब्दशः खरं निघालं.

सुरुवात १९९२ ची. उदारीकरण नवं होतं, वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली झाली होती. जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं भारतात आली आणि काही दिवसांतच, २० जूनला, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी प्राथमिक करार झालासुद्धा. टेंडर नाही, दुसऱ्या कुणाशी तुलना नाही. तेव्हा मुख्यमंत्री होते सुधाकरराव नाईक. प्रकल्पाचं नाव दाभोळ, पण जागा खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या गोपाळगडाजवळ. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने याला कर्ज द्यायला नकार दिला: प्रकल्प गरजेपेक्षा मोठा, त्याची वीज महाग, ती घ्यायची तर मंडळाला स्वतःची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल. तोवर मुख्यमंत्री शरद पवार झाले होते. ८ डिसेंबर १९९३ ला मूळ वीजखरेदी करार त्यांच्याच काळात झाला.

करारातला एक मुद्दा समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. कॉलेजच्या मेसचं उदाहरण देतो. काही मेसमध्ये खाडा धरत नाहीत. तुम्ही जेवा नाहीतर गावी जा, महिन्याचे पैसे द्यायचेच. एन्रॉनचा करार तसा होता. प्रकल्प वीज द्यायला तयार असला की मंडळाने ठरलेली रक्कम मोजायची, वीज घेतली नाही तरी. वर आणखी एक गंमत: हिशोबाचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. म्हणजे मेसवाला अमेरिकेत राहतो आणि रुपया घसरला की तुमची थाळी महागते. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी, राज्याने दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी. आणि भांडण झालंच तर ते मुंबईत नाही, लंडनच्या लवादापुढे.

म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर कोड असं लिहिलं होतं की नंतर येणाऱ्या टीमला ते काढता येऊ नये.

या सगळ्याविरुद्ध लोक बोलत होते. पुण्याच्या 'प्रयास' गटातल्या इंजिनिअर मंडळींनी आकडेमोड करून हा करार मंडळाला कसा झेपणार नाही ते मांडलं होतं. अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांत जमीन आणि मासेमारीसाठी आंदोलन उभं राहिलं होतं. त्यात एन्रॉनच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की भारतीयांना या प्रकल्पाबाबत 'शिक्षित' करण्यावर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केले. या शिक्षणाचे विद्यार्थी कोण, असा प्रश्न इकडे विचारला गेला नसता तरच नवल.

मग आली १९९५ ची निवडणूक. मतदान फेब्रुवारीत झालं. निकाल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लागायचे होते. आणि मधल्या काळात, १ मार्चला, कंपनीने पहिल्या टप्प्याच्या कर्जाची सगळी जुळणी पूर्ण करून काम सुरू केलं. मतं पेटीत बंद, मावळतं सरकार नावापुरतं, आणि बुलडोझर चालू! ही तारीख मी दोन-तीनदा तपासली. नवं सरकार येण्याआधी करार मोडण्याची किंमत वाढवून ठेवायची असेल तर यापेक्षा चांगला मुहूर्त सापडला नसता.

शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या, अपक्षांच्या जोरावर सरकार बनलं. १४ मार्चला मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, मुंडे उपमुख्यमंत्री. गृह आणि ऊर्जा ही दोन्ही खाती मुंडेंकडे. त्यांच्याच अध्यक्षतेखाली एन्रॉनची तपासणी करायला मंत्र्यांची समिती नेमली गेली. समितीचे आक्षेप मुख्यतः असे: स्पर्धा न होता एकाच कंपनीशी बोलणी झाली, ती गुप्तपणे झाली, प्रकल्पाचा खर्च फुगवलेला आहे, दर जास्त आहे. शिफारस होती पहिला टप्पा मोडावा, दुसरा रद्द करावा. ३ ऑगस्ट १९९५ ला जोशींनी विधानसभेत तशी घोषणा केली.

इथे मी थांबलो. कारण याचा अर्थ असा की आश्वासन पाळलं गेलं होतं. अवघ्या पाच महिन्यांत! मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "हो, पेढे वाटले होते आम्ही."

एन्रॉन लंडनला लवादात गेली. राज्य सरकार मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे म्हणालं की हा करार फसवणुकीने आणि चुकीची माहिती देऊन मिळवला आहे. भ्रष्टाचाराचाही आरोप केला. सभेतलं भाषण नाही, कोर्टात दाखल केलेला दावा. मग नोव्हेंबरच्या सुरुवातीला एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरेंना भेटल्या. ८ नोव्हेंबरला फेरवाटाघाटींसाठी अर्थतज्ज्ञ किरीट पारिख यांच्या नेतृत्वाखाली गट नेमला गेला. १९ नोव्हेंबरला त्याचं काम झालं. अकरा दिवस. सुमारे तीन अब्ज डॉलरचा प्रकल्प, लंडनमधला खटला, मुंबईतला फसवणुकीचा दावा, आणि अकरा दिवस. आमच्या ऑफिसात लॅपटॉप बदलून मिळायला याहून जास्त दिवस लागतात. ८ जानेवारी १९९६ ला सरकारने जाहीर केलं की सुधारित प्रकल्प मान्य आहे.

सुधारित म्हणजे काय? लोकांना सांगितलं गेलं की दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणला. टीकाकारांनी तेव्हाच दाखवून दिलं की यातली बरीच घट कागदावरची आहे. उदाहरणार्थ, द्रवरूप वायूचं पुन्हा वायूत रूपांतर करणारा प्रकल्पाचा भाग भांडवली खर्चातून वेगळा काढला होता. खर्च कुठे गेला नव्हता, तो दुसऱ्या रकान्यात गेला होता. वीज मंडळाला ३० टक्के भागीदारी घेण्याची मुभा मिळाली, म्हणजे ज्या प्रकल्पाला बुडवायचं होतं त्यात सरकारचेच पैसे घालायचे. आणि खरी गोष्ट पुढे आहे. मूळ करारात दुसरा टप्पा घ्यायचाच असं मंडळावर बंधन नव्हतं. नव्या करारात दोन्ही टप्पे पक्के झाले. एकूण क्षमताही २,०१५ मेगावॉटवरून २,१८४ झाली. बाबांचं 'दुप्पट' इथे होतं. ज्या टप्प्यातून फुकट बाहेर पडता आलं असतं तो या सरकारने स्वतः गळ्यात बांधून घेतला.

मुंडे समितीचे आक्षेप या नव्या कराराला लावून बघा. स्पर्धा झाली का? नाही, तीच कंपनी. बोलणी उघड झाली का? नाही. डॉलरची बांधणी सुटली का? नाही. आणि कोर्टातला दावा? तो मागे घेतला गेला. भ्रष्टाचाराचे आरोप खरे होते की खोटे, हे सिद्ध व्हायची वेळच आली नाही.

सरकारच्या बाजूने बोलायचं तर एक मुद्दा आहे आणि तो मला खोटा वाटत नाही. बांधकाम सुरू झालेलं होतं. लंडनमध्ये हरलो असतो तर कोट्यवधी डॉलरची भरपाई द्यावी लागली असती. परदेशी गुंतवणूकदार पळतील अशी ओरड दिल्लीपासून वॉशिंग्टनपर्यंत चालू होती. नव्या आलेल्या सरकारला हे सगळं पाहून घाम फुटला असेल तर ते समजू शकतं. पण हे त्यांनी लोकांना सांगितलं नाही. 'आम्ही बोललो होतो, पण मोडणं परवडत नाही, म्हणून हे घेतोय' असं कुणी म्हणालं नाही. उलट आम्ही जिंकलो असं सांगितलं. आणि भरपाईची भीती पहिल्या टप्प्यापुरती होती. दुसरा टप्पा का घेतला, याचं उत्तर त्या भीतीत मिळत नाही.

मे १९९६ मध्ये केंद्रात वाजपेयींचं पहिलं सरकार आलं. ते १३ दिवस टिकलं. विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू असताना, २७ मे रोजी, त्या मंत्रिमंडळाने दाभोळच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. दुसऱ्या दिवशी सरकारने राजीनामा दिला. मुळात १९९४ मध्ये प्रतिहमी दिली होती काँग्रेसच्या सरकारने. म्हणजे राज्यात आणि केंद्रात, दोन्हीकडे, आता दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या होत्या. यानंतर हा करार कुणाचा पाप आहे असं विचारायला विरोधी पक्षच उरला नाही. माझ्या मते एन्रॉनचं खरं यश हे होतं.

करार रद्द करावा म्हणून 'सिटू' ही कामगार संघटना आणि अभय मेहता उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९९६ मध्ये याचिका फेटाळली गेली. पण निकाल देताना न्यायमूर्तींनी राज्य सरकारच्या कोलांटउडीवर जे लिहिलं ते कडक आहे: स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत आली तरी राजकीय विचार लोकहितावर कशी मात करतो आणि सरकार स्वतःच्या समर्थनासाठी लोकांपुढेच नव्हे तर कोर्टापुढेही कुठवर जाऊ शकतं, हे या प्रकरणाने दाखवलं, अशा आशयाचं.

गावांत काय झालं? ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले. पुरुष बरेचसे समुद्रावर गेलेले. बायकांना घरातून ओढून काढून मारहाण झाली, त्यात एक गरोदर बाई होती. 'ह्यूमन राइट्स वॉच'ने १९९९ मध्ये यावर आख्खा अहवाल लिहिला. त्यात हेही आहे की प्रकल्पावर नेमलेल्या राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती. गृहमंत्री कोण होते ते वर लिहिलंच आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी प्रकल्प बुडवायचं वचन ज्यांना दिलं होतं, त्यातली काही घरं ही असणारच.

पुढचं लवकर सांगतो. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. डॉलर ३२-३५ रुपयांवरून २००० च्या अखेरीला ४६ च्या पुढे गेला, इंधन म्हणून वापरला जाणारा नाफ्था महागला. वीज महाग म्हणून मंडळ ती कमी घ्यायचं, कमी घेतली की ठरलेली रक्कम थोड्या युनिटांवर वाटली जायची, म्हणून प्रत्येक युनिट आणखी महाग. काही महिन्यांत एक युनिट सात रुपयांच्या वर गेलं. १ रुपया ८६ पैसे कुठे आणि हे कुठे. मंडळाकडे द्यायला पैसे राहिले नाहीत. २००१ च्या सुरुवातीला कंपनीने हमी आणि प्रतिहमी दोन्हींवर बोट ठेवलं. माधव गोडबोले समितीने एप्रिलमध्ये अहवाल दिला. त्यात हे अपयश वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या सरकारांचं, राज्यातलं आणि केंद्रातलं, असं म्हटलं आहे. मेच्या अखेरीला मंडळाने वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला. २ डिसेंबर २००१ ला अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाने प्रकल्प पुन्हा उभा करण्यात आला.

वीज घेणं थांबवलं तेव्हा मुख्यमंत्री होते विलासराव देशमुख आणि सरकार होतं काँग्रेस-राष्ट्रवादीचं. ज्या मंडळींनी करार आणला, त्यांच्याच राज्यात तो बंद पडला.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. मुद्दाम विचारलं, १९९९ ला मत कुणाला दिलंत? ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या वर्षी मी चिपळूणला गेलोच नाही. एसटीला गर्दी होती." आणि मला विचारलं, "फेरीबोटीचं तिकीट आता किती झालंय रे?"