त्या तळव्यांचं पुढे काय झालं?

मार्च २०१८ आठवतोय? किसान सभेचा लाँग मार्च ६ तारखेला नाशिकहून निघाला आणि १२ तारखेला पहाटे आझाद मैदानावर पोचला. जवळपास १८० किलोमीटर, पायी. दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालून काढला. वनहक्काच्या जमिनीसाठी चाललेल्या त्या माणसांचे सोललेले तळवे अख्ख्या देशाने फोटोत पाहिले. मुंबईकरांनी चपला दिल्या. मागण्या मान्य केल्याचं सरकारने लेखी दिलं.

मग तळवे सगळेच विसरले.

मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. त्याच भागातली माणसं ऑक्टोबर छाटणीला आपल्या निफाडच्या द्राक्षबागांत येतात. दिवसभर उभं राहून, हात वर करून काम. पायात झिजलेली स्लीपर, नाहीतर तीही नाही. टाचेला भेग पडली की माणूस दुखरा भाग टाळून पाऊल टाकतो. भार दुसऱ्या पायावर येतो, चाल बदलते. मग गुडघा धरतो, पुढे कंबर. दुखणं वर चढत जातं आणि आपण म्हणतो, वय झालं. कंबरेला बाम चोळतो. तळपाय कुणीच बघत नाही.

बागायतदार मित्रांनो, औषधं-खतांचा हिशोब आपण पैशापर्यंत लावतो. यंदा टोळी आली की त्यात मजुरांच्या बुटांचाही खर्च धरा.