अंधाराचे तीन अर्थ : ‘डूम ३’ आणि त्यावरील दोन मॉडांच्या खेळरचनेचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

संगणकीय खेळांचा इतिहास बहुधा कंपन्या, यंत्रे आणि विक्रीचे आकडे यांच्या आधारे लिहिला जातो. खेळ विकत घेणाऱ्या चाहत्यांनी त्यात केलेल्या बदलांची नोंद त्या मानाने कमी आढळते. ‘मॉड’ या नावाने ओळखले जाणारे हे बदल केवळ हौसेखातर केलेले नसतात. अनेकदा ते मूळ कृतीवरील भाष्य असते. समीक्षक आपला आक्षेप लेखातून मांडतो, तर मॉडकर्ता तो खेळाचा नियम बदलून मांडतो. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेचा ‘डूम ३’ (२००४) हा भयप्रधान नेमबाजीचा खेळ आणि त्यावर उभे राहिलेले ‘डक्ट टेप’ (२००४) व ‘द डार्क मॉड’ (२००९) हे दोन मॉड यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते. तिन्ही कृतींच्या केंद्रस्थानी अंधार आहे. मात्र त्याचा अर्थ प्रत्येकीत निराळा आहे.

पार्श्वभूमी

मॉडांच्या परंपरेला तांत्रिक पाया याच संस्थेने घातला होता. १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या ‘डूम’मध्ये नकाशे, चित्रे व ध्वनी मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या ‘वॅड’ फाइलींत ठेवलेले होते. त्यामुळे प्रोग्रामला हात न लावता चाहत्यांना नवी सामग्री जोडता येई. ३ ऑगस्ट २००४ रोजी आलेल्या ‘डूम ३’नेही हा मोकळेपणा राखला. शस्त्रे व पात्रे यांची वर्णने साध्या मजकुराच्या फाइलींत असल्याने ती कोणालाही वाचता आणि बदलता येत.

मूळ रचना : अंधार हा शत्रू

‘डूम ३’चे कथानक इ. स. २१४५ मध्ये मंगळावरील एका संशोधन केंद्रात घडते. जॉन कार्मॅक यांनी तयार केलेल्या प्रणालीचे वैशिष्ट्य प्रकाशाच्या हाताळणीत होते. १९९६ च्या ‘क्वेक’सारख्या खेळांत सावल्या बव्हंशी आधीच गणून भिंतींवर चढविलेल्या असत. ‘डूम ३’मध्ये दिव्यांचा प्रकाश व त्यांच्या सावल्या खेळ चालू असताना क्षणोक्षणी गणल्या जात. त्यामुळे गडद अंधार ही केवळ सजावट न राहता रचनेचे साधन बनली. या साधनाला एका कठोर नियमाची जोड होती : विजेरी हाती असताना बंदूक वापरता येत नाही आणि बंदूक उचलताच विजेरी खाली ठेवावी लागते. पाहायचे की लढायचे, हा निर्णय खेळाडूला सतत घ्यावा लागे. या खेळातील भीती राक्षसांच्या रूपाइतकीच या निवडीतून निर्माण होत असे.

‘डक्ट टेप’ : अंधार ही गैरसोय

हा नियम अनेक खेळाडूंना अतार्किक वाटला. बाविसाव्या शतकातील सैनिकाला बंदुकीवर दिवा बसविता येऊ नये, हे त्यांना पटेना. खेळ प्रसिद्ध झाल्यानंतर थोड्याच दिवसांत ग्लेन मर्फी यांनी ‘डक्ट टेप’ हा मॉड सादर केला. त्यात मशीनगन व शॉटगन यांना विजेरी जोडलेली होती. जी अडचण चिकटपट्टीच्या एका तुकड्याने सुटली असती ती मूळ रचनाकारांनी शिल्लक का ठेवली, हा उपरोध नावातच आहे. मॉडचा आकार अत्यंत लहान, पण परिणाम मूलगामी होता. पाहणे व लढणे एकाच वेळी शक्य होताच निवडीचा ताण ओसरला. खोल्या त्याच, राक्षस तेच. तरीही खेळ भयकथेकडून साहसकथेकडे सरकला. वास्तवाशी सुसंगती वाढली, पण भयाची तीव्रता घटली.

‘द डार्क मॉड’ : अंधार हा आश्रय

दुसऱ्या मॉडची दिशा नेमकी उलट होती. लुकिंग ग्लास या संस्थेच्या ‘थीफ’ (१९९८) या खेळाच्या चाहत्यांनी ‘डूम ३’ची प्रकाशप्रणाली घेऊन चोराच्या भूमिकेतील खेळ रचला. येथे नायक समोरासमोरच्या लढाईत दुबळा असतो. आपण कितपत उजेडात आहोत, हे पडद्यावरील एका रत्नाच्या तेजावरून त्याला कळते. पाण्याचे बाण मारून तो मशाली विझवितो आणि पावलांचा आवाज होऊ नये म्हणून कोणत्या फरशीवरून चालावे, याचा विचार करतो. मूळ खेळात समोरचे दिसत नाही म्हणून भीती वाटते. येथे आपण दिसू म्हणून भीती वाटते. ‘डक्ट टेप’ने मूळ नियम शिथिल केला, तर ‘द डार्क मॉड’ने त्याच अंधाराची भूमिका बदलून टाकली.

पुढील वाटचाल

दोन्ही मॉडांचे भवितव्यही भिन्न ठरले. २०१२ च्या ‘बीएफजी एडिशन’मध्ये इड सॉफ्टवेअरने स्वतःच चिलखतावर बसविलेली विजेरी दिली. ‘डक्ट टेप’ने घेतलेला आक्षेप अशा रीतीने मूळ कृतीत सामावला गेला, मात्र त्यामुळे खेळातील भय सौम्य झाले, अशी टीकाही झाली. ‘द डार्क मॉड’ला प्रारंभी ‘डूम ३’ची विकत घेतलेली प्रत आवश्यक होती. नोव्हेंबर २०११ मध्ये मूळ प्रणालीची संहिता मुक्त परवान्याखाली खुली झाली आणि २०१३ मध्ये हा मॉड स्वतंत्र, विनामूल्य खेळ बनला. चाहत्यांनी पुढे त्यासाठी शंभराहून अधिक मोहिमा रचल्या.

समारोप

या तुलनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, भय चित्रात नसून नियमात असते. एक नियम बदलताच तीच जागा वेगळा अनुभव देते. दुसरी गोष्ट इतिहासलेखनाशी निगडित आहे. २००४ चा ‘डूम ३’ आणि २०१२ चा ‘डूम ३’ नावाने एक असले, तरी रचनेने एक नाहीत. केवळ उत्तरकालीन आवृत्ती जतन झाली, तर ‘डक्ट टेप’ची गरज का भासली, हे पुढील अभ्यासकाला उमगणार नाही. पोथीच्या पाठभेदांना संशोधनात जे स्थान दिले जाते, तेच खेळांच्या आवृत्त्यांना व चाहत्यांच्या मॉडांना देणे म्हणूनच आवश्यक आहे.