धरणसाठा, विसर्ग आणि महापूर (कृष्णा खोरे)

जलाशयाची पातळी, धरणात येणारा येवा आणि सांडव्यावरून सोडलेला विसर्ग यांचा खालच्या नदीतील पुराशी असलेला संबंध. महाराष्ट्रात या विषयाची चर्चा मुख्यतः कृष्णा खोऱ्याच्या संदर्भात होते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर ती वाढली आणि बरीचशी आरोपांच्या अंगानेच गेली.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट प्रवाह आणि टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट साठा. एक लाख क्युसेकचा येवा दिवसभर टिकला, तर धरणात 8.64 टीएमसी पाणी जमते. कोयना धरणाची साठवणक्षमता 105.25 टीएमसी आहे. तिथे 30 टीएमसी जागा रिकामी असेल, तर असा येवा जवळजवळ साडेतीन दिवस पोटात घेता येतो. 10 टीएमसीच उरली असेल तर दिवसाहून थोडा अधिक काळ. त्यामुळे पुराच्या दृष्टीने ‘धरण किती भरले’ यापेक्षा ‘किती रिकामे आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पातळीचे फूटही सारखे नसतात. जलाशय वर रुंदावत जातो. कोयनेच्या पूर्ण भरलेल्या शिवसागर जलाशयाचा पसारा सुमारे 115 चौरस किलोमीटर असल्याने शेवटच्या एका फुटात सव्वा टीएमसीच्या आसपास पाणी मावते.

विसर्ग येव्यापेक्षा कमी असेल, तोवर धरण पूर सौम्य करत असते. दरवाजे उघडल्याची बातमी आली की धरणाने पूर आणला, असा समज होतो. पण त्याच वेळी आत त्याहून जास्त पाणी येत असेल तर वस्तुस्थिती उलट असते. दोष काढायचा तो त्याआधीच्या दिवसांत, म्हणजे अतिवृष्टीचा अंदाज असताना जागा का केली नाही, यावरून काढावा लागतो. सुरतच्या ऑगस्ट 2006 च्या पुरात तापीवरील उकाई धरणातून 9 लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले. तेव्हाही वादाचा मुद्दा हाच होता.

मात्र जागा मोकळी ठेवण्याला किंमत असते. कृष्णा खोऱ्यातील महाराष्ट्राची धरणे सिंचन आणि विजेसाठी बांधलेली आहेत. पुरासाठी वेगळा राखलेला मोठा कप्पा त्यांत नाही. कोणत्या तारखेला साठा किती असावा हे जलाशय परिचालन सूची ठरवते आणि पावसाळा संपता संपता धरण भरलेले असावे, हा तिचा हेतू असतो. ऑगस्टमध्ये पाणी सोडले आणि पुढे पाऊस रुसला, तर टंचाई भोगावी लागते ती याच पाण्यावर अवलंबून असलेल्या दुष्काळी तालुक्यांना. सांगली जिल्ह्यातच पश्चिमेला पलूस-वाळवा बुडतात आणि पूर्वेला आटपाडी-जत पाण्यासाठी ताटकळतात. दरवाजावर बसलेल्या अभियंत्याला या दोन्ही बाजूंना उत्तर द्यावे लागते.

सर्वच दरवाजे माणसाच्या हाती नसतात. भोगावतीवरील राधानगरीचे (8.36 टीएमसी) सात स्वयंचलित दरवाजे ठरावीक पातळीला पाण्याच्या दाबाने उघडतात आणि पाणी उतरले की मिटतात. शिवाय पुराचे बरेच पाणी धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोट क्षेत्रातून येते. त्यावर कोणत्याच दरवाजाचा ताबा नाही. जुलै 2021 मध्ये कोयना काठोकाठ भरलेले नव्हते, तरी सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 54 फूट ओलांडले. तिथली धोका पातळी 45 फूट आहे. 2019 मध्ये हीच पातळी 57 फुटांवर गेली होती.

पाणी चढण्याइतकाच ते न उतरण्याचा त्रास मोठा असतो. कोयना कऱ्हाडला, वारणा हरिपूरला आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला वाट मिळत नाही. फुगवटा मागे सरकतो आणि शिरोळ तालुक्यात पाणी अनेक दिवस ठाण मांडते. या नद्यांची शिखरे एकाच वेळी संगमावर येऊ नयेत यासाठी धरणांचे विसर्ग एकमेकांशी जुळवून सोडावे लागतात. प्रत्येक धरण स्वतःपुरते बरोबर चालवले, तरी खोरे बुडू शकते.

फुगवट्यावरूनच कर्नाटकातील अलमट्टी धरणावर बोट ठेवले जाते (पूर्ण पातळी 519.60 मीटर). निवृत्त जलसंपदा सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2020 च्या अहवालात सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अडथळे यांवर तिचा भर होता. पूरग्रस्त भागात हा निष्कर्ष सर्वांनी मान्य केलेला नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने अलमट्टीची उंची 524.256 मीटरपर्यंत नेण्यास दिलेल्या मुभेला महाराष्ट्राने विरोध नोंदवला आहे. समितीचा निष्कर्ष आजच्या पातळीपुरता आहे. वाढीव उंचीला तो आपोआप लागू होत नाही.

खालच्या बाजूला निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुरावरून आखतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असते. सांगली-कोल्हापुरात या रेषांच्या आत वस्ती आहे, आणि 2005 ते 2021 या सोळा वर्षांत तिने तीन महापूर पाहिले.