ग्वांगजू उठाव आणि चुन दू-ह्वान यांचे उत्तरदायित्व
दक्षिण कोरियातील ग्वांगजू शहरात मे १९८० मध्ये लोकशाहीसाठी उठलेल्या नागरिकांवर छत्रीधारी सैनिकांनी गोळीबार केला. सत्तेची सूत्रे तेव्हा जनरल चुन दू-ह्वान यांच्या हाती होती. गोळीबाराचा आदेश दिल्याचे त्यांनी अखेरपर्यंत नाकारले. पण केवळ नकाराने सूत्रधाराची जबाबदारी टळत नाही. १९९६ मध्ये बंड व राजद्रोहाबद्दल त्यांना फाशी ठोठावण्यात आली. अपिलात तिची जन्मठेप झाली आणि १९९७ च्या डिसेंबरात माफीही मिळाली. पुढे शहरातील जोनिल इमारतीच्या दहाव्या मजल्यावर, खांबांवर आणि छतावरही गोळ्यांच्या खुणा आढळल्या. हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाल्याचा तो सबळ पुरावा होता. तो गोळीबार पाहिलेल्या दिवंगत धर्मगुरूची आत्मचरित्रात बदनामी केल्याबद्दल २०२० मध्ये न्यायालयाने चुन यांना दोषी धरले. पीडितांची माफी न मागताच ते २०२१ मध्ये वारले.