डबल शॉकअप, राजमाचीची वाट आणि शंभर वर्षं विसरलेली स्प्रिंग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना अडखळलो ते आणि मधले चहाचे घोट तेवढे गाळलेत.

विषय सायकलचा आहे आणि सुरुवात माझ्या भाच्यापासून. तो उलव्याला राहतो, अकरावीत आहे. दिवाळी झाल्यावर त्याचा मेसेज आला, "मामा, २२ हजार जमलेत. फुल सस्पेन्शन घेतोय. या दोनमधली कोणती?" सोबत दोन फोटो. दोन्ही सायकली दिसायला एकदम भारी. जाड टायर, पुढे शॉकअप, सीटखाली लालभडक स्प्रिंग. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मीही दोन सायकलींमध्ये अडकलो होतो. दोन्ही फुल सस्पेन्शन, दोन्ही सेकंड हँड. एकीचं मागचं सस्पेन्शन १२० मिलिमीटर दबतं, दुसरीचं १६०. आमच्या भाषेत याला ट्रॅव्हल म्हणतात. किंमत जवळपास सारखी, दीड लाखाच्या घरात.

भाच्याला मी लगेच उत्तर दिलं नाही. उजव्या खांद्यातली प्लेट आठवली.

२००६ साली मी नेरुळला कॉलेजात होतो. बाबांच्या मागे लागून एक 'डबल शॉकर' घेतली होती. कुठल्या दुकानातून, ते जाऊ द्या. खारघरच्या डोंगरावर चढणारा डांबरी रस्ता आहे ना, वर फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणारा, त्याच्या उतारावर मागचा सांधा जोडणारा बोल्ट तुटला. मागचं चाक एकीकडे आणि मी दुसरीकडे. कॉलरबोनचे दोन तुकडे झाले. वर राहणाऱ्या एका मावशींनी त्यांच्या पदराने माझा हात गळ्यात बांधून दिला होता, एवढं स्पष्ट आठवतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. स्कूटरला दोन्हीकडे शॉकअप चालतात, मग सायकलला लावले की ती अशी भंगार का होते? याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

१८८५ साली लंडनच्या लिनले अँड बिग्ज कंपनीने 'व्हिपेट' नावाची सायकल काढली. तिच्या फ्रेममध्येच स्प्रिंग होती. सीट, हँडल आणि पायडल एका भागावर, चाकं दुसऱ्या भागावर आणि मध्ये स्प्रिंग. म्हणजे कल्पना १४० वर्षं जुनी. तेव्हा टायर भरीव रबराचे असत आणि रस्ते दगडी, त्यामुळे माणूस अक्षरशः खिळखिळा व्हायचा. मग १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला आणि व्हिपेटचं दुकान बसलं. हवा स्प्रिंगपेक्षा हलकी, स्वस्त आणि पंक्चर सोडलं तर बिनत्रासाची. पुढची जवळजवळ १०० वर्षं सायकलच्या फ्रेममधली स्प्रिंग अधूनमधून डोकं वर काढायची आणि पुन्हा गायब व्हायची.

आपल्याकडे ती सीटखाली टिकली. आजोबांची काळी डबल दांडीची सायकल डोळ्यांसमोर आणा. चामड्याची सीट, खाली दोन जाड गोल स्प्रिंगा. आपले रस्ते काही विलायतेसारखे नव्हते, मग फ्रेमला स्प्रिंग का नाही लावली? कारण ती सायकल मजेसाठी नव्हतीच. दुधाचे कॅन, पिठाची गोणी, कॅरिअरवर बायको आणि दांडीवर पोर. इतकं वजन टाकल्यावर मागचा सांधा किती दिवस तग धरणार? आणि गावातल्या सायकलवाल्याकडे पाना, हातोडी, सोल्यूशनची ट्यूब याच्या पलीकडे काय असायचं? जे तो दुरुस्त करू शकत नाही, ते घ्यायचं नाही. हा हिशेब आजही लागू पडतो, पण त्याच्याकडे नंतर येतो.

आता अमेरिका. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मारिन काउंटीत काही तरुण जुन्या जड सायकली, विशेषतः ३०-४० च्या दशकातल्या श्विन, घेऊन टॅमलपायस डोंगरावरून मातीच्या वाटेने खाली सुटायचे. एका उतारावर त्यांनी शर्यत सुरू केली. २१ ऑक्टोबर १९७६ ला पहिली. जेमतेम तीन किलोमीटरची वाट आणि जवळपास ४०० मीटरचा उतार. मागचा ब्रेक पायडल उलटं मारून लागणारा. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडून नवं ग्रीस भरायचं, म्हणजे 'रीपॅक' करायचं. त्या वाटेचं नावच रीपॅक पडलं. त्यातल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये या कामासाठी खास फ्रेम बनवली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये कंपनी काढली, नाव 'माउंटनबाइक्स'. यातल्या एकाही सायकलला शॉकअप नव्हता, हे लक्षात ठेवा.

शॉकअप आला मोटोक्रॉसमधून. पॉल टर्नर मोटरसायकलच्या शर्यतींच्या जगातला माणूस. त्याने रॉकशॉक्स कंपनी काढली आणि १९८९ मध्ये आरएस-१ हा पुढचा फोर्क बाजारात आणला. ट्रॅव्हल ४८ मिलिमीटर. चुकून १४८ लिहायचं राहिलेलं नाही, ४८ च. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, कोलोरॅडोतल्या ड्युरांगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि ग्रेग हरबोल्डने हाच फोर्क लावून डाउनहिलचं सोनं जिंकलं. १२० कमी पडेल की काय म्हणून मी रात्र-रात्र व्हिडिओ बघत होतो. ही माहिती सापडली तेव्हा जरा लाज वाटली.

पुढचा शॉकअप त्या मानाने सोपा. खरी डोकेदुखी मागची. मोटरसायकलला इंजिन एकसारखं ओढतं. सायकलवर माणूस ओढतो, तोही झटक्या-झटक्याने, एकदा डावा पाय, एकदा उजवा. प्रत्येक झटक्याला चेन ताणली जाते, अंगाचं वजन हलतं आणि मागची स्प्रिंग दबते. चढावर पायडल मारताय आणि सायकल नुसती बेडकासारखी वर-खाली. मेहनतीचा मोठा हिस्सा स्प्रिंग खाऊन टाकते.

नव्वदच्या दशकात यावर बरेच उपाय निघाले. एक उपाय होता पायडल, चेन आणि मागचं चाक सगळं मागच्या हलत्या भागावर बसवायचं. ट्रेकच्या वाय आकाराच्या सायकली अशाच होत्या. चेनची लांबी बदलत नाही, त्यामुळे बसून पायडल मारताना छान. पण उतारावर तुम्ही पायडलवर उभे राहता. तुमचं वजन त्याच हलत्या भागावर येतं आणि सस्पेन्शन जवळपास बंद पडतं. नेमकं जेव्हा हवं तेव्हाच!

दुसरा उपाय होर्स्ट लाइटनर या ऑस्ट्रियन मोटोक्रॉसवाल्याचा. त्याने मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या जरा पुढे, खाली एक जादा सांधा दिला. तेवढ्याने चाकाचा मार्ग बदलला आणि ब्रेक लावल्यावरही सस्पेन्शन मोकळं राहिलं. स्पेशलाइज्डने ही रचना वापरली आणि १९९८ मध्ये पेटंटच विकत घेतलं. मग बाकीच्यांचं काय? अमेरिकेत माल विकायचा तर एक तर पैसे मोजा नाहीतर वेगळा सांधा शोधा. जायंटने दोन छोट्या लिंकवर चालणारी मॅस्ट्रो काढली, ट्रेकने सांधा थेट ॲक्सलभोवती नेला. आज दुकानात पाच कंपन्यांच्या पाच तऱ्हेच्या लिंक दिसतात आणि आपण त्यावर तासन्तास वाद घालतो. माझं मत विचाराल तर त्यातला निम्मा फरक इंजिनिअरांनी केलाय, निम्मा वकिलांनी.

याच काळात आपल्याकडे काय होतं? रेंजर आणि एसएलआर आल्या होत्या. १९९२ मध्ये 'जो जीता वही सिकंदर' आला आणि गिअरची सायकल म्हणजे स्वप्न झालं. मग काही वर्षांत डबल शॉकर. परदेशातल्या महागड्या सायकलींचा बाहेरचा आकार तिने उचलला, आतलं काहीच नाही. चांगल्या शॉकमध्ये स्प्रिंग, धातूची असो वा हवेची, ती अर्धीच गोष्ट. उरलेलं अर्धं म्हणजे तेल, जे स्प्रिंगला उसळू देत नाही. याला डॅम्पिंग म्हणतात. तेल गळालेल्या शॉकअपच्या रिक्षात तुम्ही बसला असाल, तर डॅम्पिंग नसणं म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. डबल शॉकरमध्ये बहुतेक वेळा नुसती उघडी स्प्रिंग असायची, सांध्यात बेअरिंगऐवजी साधं बुशिंग, फ्रेम जड लोखंडी. माझा बोल्ट तुटला हा अपघात नव्हता, तो आधीच ठरलेला होता.

खऱ्या फुल सस्पेन्शनलाही मान मिळायला वेळ लागला. डाउनहिलवाल्यांनी ते लगेच उचललं. पण क्रॉसकंट्रीत, जिथे चढही स्वतःच चढायचा असतो, ते जड म्हणून बाजूला राहिलं. १९९६ मध्ये अटलांटाला माउंटन बायकिंग ऑलिंपिकमध्ये आलं, तरी फुल सस्पेन्शनला सोन्यासाठी २०१२ उजाडावं लागलं. लंडनला चेक रायडर यारोस्लाव कुल्हावी फुल सस्पेन्शनवर, स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर मागे शॉक नसलेल्या हार्डटेलवर. दीड तासाच्या शर्यतीनंतर फरक एका सेकंदाचा. कुल्हावी जिंकला. एका सेकंदाने काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण 'चढावर फुल सस्पेन्शन चालत नाही' हे वाक्य त्यानंतर फारसं कुणी ठामपणे बोललं नाही.

बरं, आता माझे दोन पर्याय. दोन्ही मालक भले, दोघांनी एकेक दिवस सायकल दिली. मी दोन्ही राजमाचीला नेल्या. लोणावळ्याहून उधेवाडी साधारण १५ किलोमीटर. श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडकिल्ले बोरघाटातल्या जुन्या व्यापारी वाटेवर लक्ष ठेवायला होते, पायथ्याला कोंडाण्याची लेणी आहेत. म्हणजे या भागातल्या वाटा माणसाच्या आणि बैलाच्या पायांनी पडलेल्या आहेत. मारिनमध्ये माती आहे, आपल्याकडे काळा कातळ, त्यावर सुटे धोंडे आणि मुरूम. मुरमावर चाक घसरतं, धोंड्यावर अडतं, आणि दोन्ही एकाच वळणावर भेटतात.

१६० वाली तिथे राणी होती. ज्या धोंड्याला मी मनातल्या मनात नमस्कार करत होतो, तो तिने गिळला. पुढचा फोर्क जास्त कललेला, चाक लांब पुढे, त्यामुळे उतारावर तोल जायची भीतीच वाटेना. खांदा खूश होता. परतीच्या चढावर मात्र पुढचं चाक डावीकडे-उजवीकडे भटकत होतं आणि डांबरी रस्त्यावर तर ती म्हशीसारखी चालली. १२० वालीवर प्रत्येक दगड कळत होता. एका ठिकाणी, ओढ्याच्या अलीकडच्या उतारावर, मी सरळ उतरून चालत गेलो. पण पूर्ण वाट संपल्यावर पायांत जीव शिल्लक होता.

मी १२० घेतली. कारण युरोपात डोंगरावर जायला लिफ्ट असते, आपल्याकडे आपणच. माझी नेहमीची सकाळ म्हणजे सीवूड्सहून निघायचं, डांबरावरून खारघर, डोंगर चढायचा, कच्च्या वाटेवर तासभर आणि परत. यात १६० मिलिमीटरचं काम पाच मिनिटांचं. मला ती हवी होती ती वाटेसाठी नाही, २००६ च्या त्या बोल्टसाठी हवी होती. ज्यांना गाडीच्या कॅरिअरवर टाकून थेट उताराच्या तोंडाशी जायची सोय आहे, त्यांनी खुशाल मोठी घ्यावी.

आणि आजोबांच्या सायकलवाल्याचा हिशेब. फुल सस्पेन्शनला खर्च खरेदीनंतर सुरू होतो. फोर्कचं खालचं तेल आणि सील दर ५० तासांनी बघायला सांगतात. आपल्या कोकणी हवेत बेअरिंग गंजतात. पावसाळ्यात चिखलात घातली तर धुवून, पुसून, कोरडी करून ठेवायलाच लागते. पांडवकड्याकडे पावसाळ्यात पोलिसांची बंदी असते ती पाळा, सायकलचीही तेवढीच विश्रांती होते. शॉकची हवा तुमच्या वजनाप्रमाणे भरा. सायकलवर बसल्यावर मागचा शॉक पाव ते तीस टक्के दबला पाहिजे. त्यासाठी वेगळा छोटा पंप मिळतो, पेट्रोल पंपावरची हवा नाही चालत.

भाच्याला मी फोन केला. म्हटलं, २२ हजारांत चांगलं फुल सस्पेन्शन होत नाही, हार्डटेल घे. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे बरा शॉकअप, डिस्क ब्रेक, आणि उरले तर चांगले टायर. तो भडकला. "मामा, तू स्वतः दीड लाखाची घेतोस आणि मला मागे शॉकअपही नको म्हणतोस?" मी उत्तर दिलं नाही, कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रविवारी त्याला घरी बोलावलं. जुन्या डबल शॉकरचा तो तुटका बोल्ट मी अजून ठेवलाय, तो त्याच्या हातात दिला. करंगळीएवढा आहे. त्याने उलटसुलट करून पाहिला, मग माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "एवढुसा?"

त्याने हार्डटेल घेतली. गेल्या महिन्यात आम्ही दोघं खारघर चढलो. चढावर तो माझ्या पुढे होता आणि हे त्याने आतापर्यंत सगळ्या नातेवाइकांना सांगून झालंय. वर पोहोचल्यावर म्हणाला, उतारावर पाच मिनिटं तुझी दे. दिली. मी त्याच्या हार्डटेलवर मागून हाडं मोजत खाली आलो, तो खाली थांबून हसत होता आणि सायकल काही परत देईना.