कोळसा भरायचा दिवस

२७ ऑगस्ट १९१८. तुम्ही 'एचएमएस आफ्रिका' या ब्रिटिश युद्धनौकेवर आहात, सिएरा लिओनच्या फ्रीटाउन बंदरात. पावसाळा ऐन भरात आहे. टेकड्यांवर ढग उतरलेत आणि अंगावरचा सदरा वाळायचं नाव घेत नाही. जहाजाला लागून कोळशाने भरलेला पडाव उभा आहे. तो रिकामा झाल्याशिवाय जहाज हलणार नाही, आणि अटलांटिकमधल्या मालवाहू ताफ्यांना संरक्षण मिळणार नाही.

एरवी हे काम इथले मजूर करतात. आज कोळसा कंपनीच्या सहाशे मजुरांपैकी पाचशे कामावर आलेच नाहीत, तापाने पडलेत. १५ ऑगस्टला 'मॅन्टुआ' हे जहाज बंदरात लागलं तेव्हा त्यावरचे सुमारे दोनशे खलाशी तापाने आजारी होते किंवा नुकते उठले होते. त्या जहाजाचा कोळसा या मजुरांनीच भरला.

म्हणून आज फावडं तुमच्या हाती. शेजारचा मजूर गोणीचं तोंड धरून वाकलाय. मध्येच खोकला येतो, तो मान वळवतो, पुन्हा गोणी धरतो. काळी भुकटी दोघांच्याही नाकातोंडात जाते. पलीकडे एक कोवळा खलाशी, जेमतेम मिसरूड फुटलेला, भराभर फावडं मारतोय. त्याला लवकर मोकळं होऊन घरी पत्र लिहायचंय.

रात्री सगळे खाली झोपतात. झुल्याला झुला लागलेला, उकाडा, एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर. तापाला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती.

९ सप्टेंबर. जहाजावरच्या ७८० च्या आसपास माणसांपैकी ४७६ आजारी आहेत. तो पोरगा तुमच्यासमोरच पडलाय. ओठ निळे पडलेत, मग कान, मग गाल. फुप्फुसात पाणी भरत चाललंय. डॉक्टर कपाळावर ओली पट्टी ठेवतात आणि पुढच्याकडे वळतात. त्यांच्याकडे या रोगावर औषध नाही. माणसातला फ्लूचा विषाणू सापडायला अजून पंधरा वर्षं आहेत. पोरगा पाणी मागतो. तुम्ही पेला ओठांना लावता, पण घोट घशाखाली उतरत नाही.

त्या महिन्यात या एका जहाजावरचे पन्नासहून अधिक जण गेले. त्यांना फ्रीटाउनच्या किंग टॉम कबरस्थानात पुरलं. युद्ध संपायला जेमतेम दोन महिने उरले होते.

बंदरांची वाट या तापाला आधीच ठाऊक झाली होती. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत जे पहिले रुग्ण सापडले, त्यांत गोदीवर पहाऱ्याला असलेला पोलीस शिपाईही होता.

त्या गोणी धरणाऱ्या मजुराचं पुढे काय झालं? फ्रीटाउनमध्ये सप्टेंबरअखेरपर्यंत दोन तृतीयांश वस्ती आजारी पडली आणि हजारावर माणसं मेली. 'मॅन्टुआ'ला बंदरापासून दूर थांबवायला हवं होतं. कोळशाच्या घाईत ते झालं नाही, आणि या मृत्यूंचा दोष तापाइतकाच त्या घाईचाही आहे.